गरम पाण्याची बादली

लंढौरच्या चढावर अप्पांना चार ठिकाणी बसावं लागलं. मसुरीच्याही वरचा हा भाग, देवदारांमधले इंग्रजांच्या वेळचे बंगले, आणि पत्ता विचारावा तर वाटेत चिटपाखरू नाही. पण पत्ता त्यांना तोंडपाठ होता. लेकीची पत्रं न फोडता परत पाठवताना दहा वर्षं तोच तर लिहीत आले होते.

शलाकाने इथल्या गढवाली मास्तराशी लग्न केलं, त्या दिवशी अप्पांनी सगळ्या वाडीसमक्ष विहिरीवर तिच्या नावाने आंघोळ केली होती. “मुलगी मेली,” म्हणाले, आणि विषय संपला. यंदा गणपतीपासून पत्रच आलं नाही, तेव्हा मात्र म्हाताऱ्याचा धीर सुटला. तिच्या आवडीचं कुळथाचं पीठ पिशवीत घालून ते निघाले.

दार जावयाने उघडलं. त्याचं डोकं भादरलेलं होतं.

“आठ दिवस झाले, अप्पा,” तिच्याकडून शिकलेल्या मराठीत तो म्हणाला. “सहा महिने अंथरुणाला खिळून होती. हातात पेन धरवत नव्हतं.”

अप्पा उंबऱ्यातच बसले. थोड्या वेळाने जावयाने कढत पाण्याची बादली न्हाणीघरात नेऊन ठेवली.

“बातमी कळली की तुमच्यात आंघोळ करतात ना? तिनेच सांगितलं होतं मला.”

अप्पांनी तांब्या भरून डोक्याशी नेला आणि हात तिथेच अडकला. ही आंघोळ त्यांची केव्हाच करून झाली होती. बादलीतलं पाणी गार होईपर्यंत म्हातारा कोरडाच बसून राहिला.