दोन बोटं हवा

रंभाच्या खोलीचा डँपर तानबाजींनी दोन बोटं उघडला. पत्र्याच्या डक्टमधली ती झडप चार दिवसांपासून बंद होती. दांडा जरा करकरला आणि सरकला. त्यांनी पत्र्याला कान लावला. गार हवा बारीक शीळ घालत त्यांच्या लेकीच्या खोलीकडे निघाली होती.

त्र्याऐंशीचा मे महिना. वर्ध्याला पारा सेहेचाळीसवर टेकला होता. दवाखान्याच्या गच्चीवरच्या यंत्रघरात तानबाजींना नऊ वर्षं झाली होती. यंत्र एकच, हवा ठरावीक. कुणाच्या वाट्याला किती यायची, ते झडपांवर ठरे. ऑपरेशन थेटराची झडप आपोआप चाले. तिथं गारवा पुरेसा झाला की ती मिटे. खोल्यांच्या झडपा मात्र हातानं फिरवाव्या लागत.

बाळंतपणाला माहेरी आलेली रंभा दीड महिना आधीच मोकळी झाली होती. मुलगा झाला, चार पौंडांचा. लीला सिस्टरनी त्याला कापसात गुंडाळून पाळण्यात ठेवलं आणि बजावलं की या खोलीत पंखा नाही, गार हवाही नाही. बाळाला ऊबच पाहिजे. तानबाजी तेव्हा दारातच उभे होते. वर जाऊन झडप त्यांनीच लावली होती.

पण आज सकाळी ते खोलीत गेले, तर रंभा घामानं निथळत होती. तीन रात्री तिच्या डोळ्याला डोळा नव्हता. बाळ लालभडक होऊन किरकिरत होतं. त्याच्या छातीवरचा कापूस तिनं सैल केला होता.

"बाबा, भट्टीत टाकल्यावानी वाटून राह्यलं," ती म्हणाली. "मायं जाऊ द्या. याले तरी थोडी हवा सोडा."

सिस्टर रागावतील, असं काहीसं पुटपुटत तानबाजी बाहेर पडले. जिना चढता चढता मात्र त्यांचं मन फिरलं. उबेचा हा नियम थंडीच्या मुलखातल्या पुस्तकातला असणार. वर्ध्याच्या मे महिन्यात कोण गारठतं? साऱ्या दवाखान्याला आपण गारवा द्यायचा आणि आपल्याच नातवानं घामात पडून राहायचं? दोन बोटांनी काय होतं.

थेटरात तेव्हा एक मोठं ऑपरेशन चालू होतं. बहुतेक सगळी हवा तिकडेच ओढली जात होती, म्हणून रंभाच्या खोलीत नुसती झुळूक येत होती. तानबाजींनी खाली येऊन खोलीतल्या हवेच्या जाळीपुढे हात धरून पाहिला. बाळाची किरकिर थांबली होती. रंभाचे डोळे मिटत आले होते. त्यांना फार बरं वाटलं.

अकराच्या सुमाराला ते बसस्टँडवर गेले. जावई ताराचंद मुलाचं तोंड पाहायला रोहण्याहून येणार होता. काम अर्ध्या तासाचं, पण रोहण्यावरून येणारी आर्वीची गाडी दीड तास उशिरा आली. रिक्षात ताराचंद पुन्हा पुन्हा विचारत होता की पोरगा कुणावर गेला. कान तुमचे आहेत, बाकी अजून काही सांगता येत नाही, असं तानबाजींनी सांगितलं, तेव्हा ताराचंद नकळत स्वतःचा कान चाचपू लागला.

ते दवाखान्यात शिरले तेव्हा थेटरावरचा लाल दिवा विझलेला होता. ऑपरेशन कधीच संपलं होतं.

तानबाजी जागच्या जागी थांबले. थेटराची झडप मिटली असणार. यंत्र तर चालूच होतं. मग तिथली सगळी हवा कुठं घुसली असेल, हे त्या इमारतीत त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

ते धावत सुटले. दार उघडताच गारठा अंगावर आला. रंभा गळ्यापर्यंत चादर ओढून गाढ झोपली होती. पाळण्यात बाळही निपचित होतं. तानबाजींनी त्याच्या पायाला हात लावला. मग ते इवलं पाऊल दोन्ही तळव्यांत धरून ते त्यावर तोंडाची वाफ सोडू लागले.

लीला सिस्टर आल्या, डॉक्टर आले, गरम पाण्याच्या बाटल्या आल्या. तासभर सगळं करून झालं. मधेच केव्हातरी तानबाजी वर जाऊन आले. दांडा जिथं ठेवला होता तिथंच होता, दोन बोटांवर. तो त्यांनी लावला.

डॉक्टरांनी ताराचंदला बाजूला घेऊन सांगितलं, अपुऱ्या दिवसांचं लेकरू होतं, अशी मुलं कधी कधी झोपेतच जातात. लीला सिस्टरनी एकदा वर जाळीकडे पाहिलं, एकदा तानबाजींकडे पाहिलं, आणि खिडकी उघडून दिली. बाहेरची झळ आत आली.

उन्हं उतरल्यावर ताराचंद बाळाला घेऊन गेला. सोबत दोन माणसं होती. तानबाजी रंभाजवळ मागे राहिले.

"रंभा," ते म्हणाले, "ते हवा मीच सोडली होती. सिस्टरनं नाई म्हटलं होतं."

रंभानं त्यांचा हात ओढून त्यांना आपल्याजवळ बसवलं. रडून रडून तिचा आवाज बसला होता.

"मले माहीत हाये ना," ती म्हणाली. "तुमी सोडली म्हनूनच तर मंग तो रडला नाई, बाबा. जलमल्यापासून पहिल्यांदा सुखानं झोपला."