पंपघरात वीज आली

“बूड टेकव जरा, म्हाताऱ्या. पंप आपला आपण ऊब घेतोय,” बोरघिल्ड म्हणाली.

तिचा नवरा आर्विड कोट चढवून स्वयंपाकघराच्या दाराशी उभा होता. संध्याकाळचे पाच वाजत आले होते. अमेरिकेतल्या डकोटाच्या त्या माळावर बर्फ निळा पडत चालला होता. त्या निळाईत अंगणापलीकडचं पंपघर जागचं सुटून तरंगतंय असं वाटत होतं. पारा शून्याखाली तीस, या हिवाळ्यातला पहिलाच कडाका. चाळीस गाई त्या पंपाचं पाणी पीत. पंप गोठला, नळ फुटला, की संपलंच सगळं.

म्हणून तीस वर्षं आर्विड कडाक्याच्या थंडीत रोज तिन्हीसांजेला पंपघरात कंदील ठेवून यायचा. त्याच्या धगीवर पंप रात्र काढायचा. गेल्या मार्चात आर्विड बर्फावरून घसरला, खुबा मोडला, तासभर तसाच पडून राहिला. बोरघिल्डच्या काळजाचं पाणी पाणी झालं. हा माणूस पुन्हा त्या वाटेला जाणार नाही, असं तिनं तेव्हाच ठरवून टाकलं. जमीन गोठायच्या आत तिनं वायरमन आणला, चर खणून घरापासून पंपघरापर्यंत तार पुरून घेतली. आत विजेची शेगडी बसवली. गारठा वाढला की ती आपोआप तापायची. ज्योत नाही, काजळी नाही, कटकट नाही. कंदील गेला माळ्यावर.

“एकदा नुसतं बघून येतो,” आर्विड म्हणाला.

“काय बघणार? मी दोनदा जाऊन आले. बटाट्याची पोळी भाजून निघेल इतकी तापलीय.”

तो बसला खरा, पण कोट काही काढेना. पूर्वेच्या खिडकीतून बाहेर बघत राहिला. निळं गडद झालं, मग काळं. बोरघिल्डला त्याची फार दया आली. हातातलं काम गेलं की माणूस असाच होतो, असं तिला वाटलं. तिनं कॉफी पुढे ठेवली. ती तशीच निवली.

मग लांब माळावर दोन दिवे हलले. गाडी रस्त्यानं नाही, शेतातून येत होती, बर्फात रुतत, पुन्हा निघत. त्या बाजूला मैलभरावर एकच घर होतं, आर्विडच्या धाकट्या भावाचं, टोरवाल्डचं. अंधार पडला की त्याचा दिवा या खिडकीतून ठिपक्याएवढा दिसायचा. बापाची घोडी त्यानं खाटकाला विकली, तेव्हापासून एकोणीस वर्षं दोघांत अक्षराचंही बोलणं नव्हतं. रविवारी चर्चच्या तळघरात सगळे कॉफी घेत, तेव्हा एक या टोकाला, दुसरा त्या टोकाला. बोरघिल्डनं समेटाचा नाद कधीच सोडला होता.

तिनं दार उघडलं. दारात टोरवाल्ड. भुवयांवर बर्फ, काखेत घोंगडं, हातात फावडं. छाती भात्यासारखी चालली होती. त्यानं तिच्याकडे पाहिलंच नाही. तिच्या खांद्यावरून आत बघितलं. भाऊ खुर्चीत धडधाकट बसलेला दिसला, तसं त्यानं फावडं भिंतीला टेकवलं.

“तुझ्या पंपघरात उजेड दिसला नाही,” तो कसाबसा म्हणाला.

आर्विडनं शेजारची खुर्ची पायानं पुढे सरकवली आणि तो म्हणाला,

“गेल्या नाताळात तुझा दिवा लागायला उशीर झाला होता ना, तेव्हा मीही बूट चढवून दारात उभा होतो.”