वळणदार अक्षर

मुलांनो, क्षणभर डोळे मिटा आणि १९७४ सालातली मंगळवार पेठ डोळ्यांपुढे आणा. अप्पा वकील आज वकिली बंद करत होते. एकेका पक्षकाराचे कागद ते त्याच्यासमोरच इचलकरंजीहून आलेल्या एका तरुण वकिलांच्या हाती देणार होते. हे कागद पक्षकारांनीच घरून आणलेल्या फडक्यांत बांधलेले असत. कुणाचं जुनं धोतर, कुणाचं लुगडं. पण काल त्यांच्या नातीनं, चौथीतल्या कालिंदीनं, हौसेनं सगळे गठ्ठे एकसारख्या लाल कापडात बांधले आणि वर वळणदार अक्षरात नावांच्या चिठ्ठ्या डकवल्या.

"अप्पा, माझं कागद काढा की! मुडशिंगीची यस्टी चुकंल," पहिल्या पक्षकार चिमणाबाई दारातूनच ओरडल्या.

अप्पांनी एक गठ्ठा चाचपला, खाली ठेवला. दुसरा चाचपला. पुन्हा पहिला उचलला.

"वर नावं आहेत ना?" तरुण वकिलांनी विचारलं.

"आहेत, आहेत," म्हणत अप्पांनी गठ्ठा डोळ्यांजवळ धरला. चिठ्ठी उलटी होती.

ते फक्त कालिंदीनं पाहिलं. हल्ली अप्पा फडक्यांवरूनच गठ्ठे ओळखत होते, हे तिला तेव्हा कळलं. ती धावत पुढे गेली.

"द्या इकडं, अप्पा," ती मोठ्यांदा म्हणाली, "माझं गिचमिड अक्षर कुणाला लागतंय होय!"