पियानोच्या बाजूची खुर्ची

"हितं न्हाई बसायचं. त्या अंगाला चल," कौशल्याबाई म्हणाली आणि पहिल्या रांगेतली मधली खुर्ची सोडून निघालीसुद्धा.

बबितानं कपाळाला हात लावला. कौशल्याबाईच्या शेजारच्या धुळाजीची ही लेक बीडला कॉलेजात होती आणि अभिमन्यूच्या गाण्यांपायी ठार वेडी होती. मैत्रिणींच्या हातापाया पडून तिनं त्याच्या कार्यक्रमाचे दोन पास मिळवले होते आणि शिरूर कासारहून ह्या काकूला बोलावून घेतलं होतं.

"काकू, तिथून त्यांचं तोंड दिसत न्हाई. नुसती पाठ दिसते."

"आन् हात?"

"हात दिसतात."

"मग झालं की."

बबिता पिशवी उचलून तिच्या मागं गेली.

कौशल्याबाईच्या ह्या नादावर गल्ली पोट धरून हसायची. उसाच्या फडावर जायच्या आधी, दिवाळीत बबितानं तिला मोबाइलवर अभिमन्यूचा व्हिडिओ दाखवला होता. पियानोवर फिरणारे हात आणि मागून त्याचा आवाज. कौशल्याबाईनं मोबाइल डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाली, परत लाव. मग आणखी परत. शेवटी मोबाइल बंद पडला, पण बाई हातातून सोडायला तयार नाही. पुढं सगळा हंगाम फडावर मोळ्या बांधून झाल्या की टोळीतल्या पोरांना तेच लावायला सांगायची. पोरं म्हणायची, काकू ह्या वयात फॅन झाली. ती म्हणायची, झाले तर झाले, तुमच्या बापाचं काय जातं?

बबिताला मात्र कारण कळलं होतं, म्हणजे तिला तसं वाटत होतं. काकूचा एकुलता एक मुलगा परमेश्वर ट्रॅक्टर उलटून गेला, त्याला आता तिसरं वर्ष लागलं होतं. त्याला दवाखान्यातून गुंडाळूनच आणलं, नीट बघूसुद्धा दिलं नाही. पोराच्या कानात सदा गाणी असायची. काकू त्याच्यासाठीच ऐकत असेल, बिचारी. कौशल्याबाईनं तिचा हा समज कधी खोडला नाही.

सकाळी निघताना नवरा, रामहरी, उंबऱ्यात बसून होता. "नको जाऊस," तो म्हणाला. "काय हाय तिथं आता आपलं? दिलं ते दिलं."

"एकदा जाऊन येते. हातात हात घेते आन् येते. पुन्यांदा नाव काढायची न्हाई."

त्यावर रामहरीनं तोंड फिरवलं होतं.

अभिमन्यू आला. दिंद्रुड गावच्या विठ्ठलरावांचा गोरापान मुलगा. एवढ्या उकाड्यातही पांढऱ्या सदऱ्याच्या बाह्या मनगटापर्यंत बटणं लावून बंद. मैदान टाळ्यांनी दणाणलं. तो वाकला, पियानोपुढं बसला आणि गायला लागला. काय आवाज होता! बबिताचे डोळे पहिल्याच ओळीला भरून आले. कौशल्याबाईच्या कानात मात्र गाणं शिरतच नव्हतं. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवर चालणाऱ्या बोटांवरून तिची नजर हलेना.

"आधी किती पळायची बोटं त्यांची," बबिता कुजबुजली. "अपघातात दोन्ही हातांचं वाटोळं झालं. मोठं ऑपरेशन झालं, कितीतरी दिवस कुणाला दिसले न्हाईत. आता ती करंगळी बघा, उभीच राहते. डॉक्टरांनी बिघडवून ठेवली."

"बिघडवली कावून? चांगला तर वाजवायलाय." कौशल्याबाई एकदम तापली. "शिकायला येळ लागतो की."

"काकू, ते पाच वर्षांचे असल्यापासून शिकलेत."

कौशल्याबाईनं पदरानं तोंड पुसलं आणि पुन्हा बघत बसली.

गाणी संपली. निवेदकानं माइक घेतला. "सरांना भेटायचंय त्यांनी रांगेनं यावं. कुणीही हात मिळवू नये, हातांना स्पर्श करू नये. डॉक्टरांची सक्त मनाई आहे. लांबून नमस्कार करावा."

उठत असलेली कौशल्याबाई परत खुर्चीत बसली. ह्या एका गोष्टीसाठी तिनं अख्खा हंगाम काढला होता. तिला फोटो नको होता, सही नको होती.

"चला, जवळून बघू तरी," बबितानं तिला उठवलं.

रांग सरकत होती. माणसं हात जोडत, अभिमन्यूही हात जोडे. शेजारी उभा कार्यकर्ता प्रत्येकाला "पुढं चला, पुढं चला" करत हाकलत होता. जोडलेल्या हातांचं धड काही दिसतही नव्हतं. कौशल्याबाईला रडू आलं. फुकट आले, रामहरीचं ऐकायला पाहिजे होतं, असं तिला वाटलं.

तिची पाळी आली. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि सरळ अभिमन्यूच्या पायांवर वाकली.

आईच्या वयाची बाई पायाशी वाकल्यावर आपल्याकडचा कोणता माणूस नुसता हात जोडून उभा राहील? कौशल्याबाईला हे पक्कं माहीत होतं.

"अहो आई, हे काय करता?" म्हणत अभिमन्यूनं घाईघाईनं तिला धरलं. दोन्ही हातांनी.

"ओ बाई, सोडा," कार्यकर्ता धावला.

"काकू, सोडा की," शरमेनं बबिताचं तोंड लाल झालं.

कौशल्याबाईनं सोडलं नाही. हात ऊबदार होते. ओढाताणीत बाही वर सरकली. मनगटाभोवती टाक्यांचा वळ होता. त्याच्या वरचं अंग गोरं, खालचं उन्हात रापलेलं.

"जेवलास का रे?" तिनं विचारलं.

"नाही अजून, आई," अभिमन्यू हसून म्हणाला.

पण तिनं त्याच्या तोंडाकडं बघितलंच नव्हतं. ती करंगळी चाचपत होती. पेरावर कोयत्याची तिरपी खूण होती. परमेश्वर आठवीत असताना फडावर झालेली, तिनंच हळद दाबून चिंधी बांधलेली.