अंत्ययात्रेची तालीम

"अरे, मी मेलोय! घोड्यावर नाही बसलेलो!" आजारी बँडमास्तर खाटेवरून खेकसले. स्वतःच्या अंत्ययात्रेसाठी त्यांनी संथ भजन निवडलं होतं, पण जन्मभर वराती वाजवलेली माणसं दुसऱ्याच ओळीला नाचाच्या ठेक्यावर घसरत होती.

"ढोल आवर! तिरडी नाचवतोस का माझी?"

अखेर चाल जमली. मास्तरांनी समाधानानं डोळे मिटले. तोच क्लॅरिनेट चिरकलं आणि थांबलं.

"आता काय झालं?"

क्लॅरिनेट वाजवणाऱ्या थोरल्या मुलाचे ओठ थरथरत होते. "आबा, डोळे नका ना मिटू."

मास्तरांनी कपाळावर हात मारला. रडत्या ओठांनी क्लॅरिनेट वाजत नाही, हे त्यांनीच त्याला शिकवलं होतं.

"मरू दे ते भजन! वरातीचंच घ्या," ते गुरकावले. "पण सूर चुकला, तर तिरडीवरून उठून बसेन!"