चिंगीची साय

दूध तापलं आणि आमची कुत्री, चिंगी, ओट्यापाशी आली. साय तिला माझी बायको द्यायची. बायको गेल्यापासून चिंगी स्वयंपाकघरात फिरकलीच नव्हती. आनंदानं साय काढायला गेलो आणि पातेलं तिच्या पायावर कलंडलं.

तिचं केकाटणं ऐकून शेजारच्या जमदाडेवहिनी धावत आल्या. "हळद कसली लावताय, भाऊजी? आधी नळाखाली धरा!"

गार पाण्याखाली ती बराच वेळ कळवळत होती, पण चावली नाही. उलट तिनं माझ्याच कुशीत तोंड खुपसलं. "लगेच पाणी घातलंत, म्हणून निभावलं," दवाखान्यात तिच्या पायाला पट्टी बांधताना डॉक्टर म्हणाले.

संध्याकाळी दूध तापवताना मी दार लावून घेतलं. धन्य आहे तिची, बऱ्या पायानं ती बाहेरून दार खरवडू लागली.

साय फुंकून गार केली आणि दार उघडलं.