रुमालातले देव

"काका, अंगावर धातूचं काही ठेवू नका," एमआरआयच्या खोलीबाहेर तिथली मुलगी म्हणाली. डोक्यात गाठ आहे का, ते बघायचं होतं.

मी नीलम काढला, पुष्कराज काढला, तांब्याचं कडं काढलं. पोवळ्याची अंगठी मात्र साबण लावल्याशिवाय निघेना. बायकोने सगळं रुमालात बांधलं. दर गुरुवारी मठात "देव आपल्या आतच असतो" असं सांगणारा मी, मोकळ्या बोटांनी त्या नळकांड्यात शिरलो आणि रडकुंडीला आलो.

यंत्राची ठोकाठोकी सुरू झाली. धरायला काहीच नव्हतं. घाबरून डोळे मिटले, तर आत कुणीतरी अगदी निवांत बसलेलं. जणू माझं प्रवचन कधी संपतंय याचीच वाट बघत.

बाहेर आलो तो शांत.

"भीती वाटली?" बायकोने विचारलं.

"छे! देव आतच असतो," म्हणत मी रुमालासाठी हात पुढे केला.